कृष्णा-कोयनेचे रान आणि आमचे प्रवासवाङ्मय

मराठीत प्रवासवर्णनांची उणीव आहे, असे कोणी म्हणणार नाही. काशी-रामेश्वराच्या यात्रेपासून विलायतेच्या सफरीपर्यंत सर्व तऱ्हेचे प्रवास आमच्या लेखकांनी वर्णिले आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. पाठीवर पिशवी बांधून आणि शिधा बरोबर घेऊन तरुण मंडळी सह्याद्रीच्या रानात शिरतात व परतल्यावर त्या भटकंतीचा वृत्तान्त लिहितात. सातारा व सांगली हे दोन जिल्हे तर या मंडळींच्या विशेष आवडीचे. बामणोलीहून नावेने शिवसागर ओलांडून वासोट्यास जावे, तेथून नागेश्वराची गुहा गाठावी, चांदोलीच्या अरण्यात गवे पाहावेत, मायणीच्या तलावावर रोहित पक्ष्यांची वाट पाहावी, कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातील साठांहून अधिक बौद्ध लेणी धुंडाळावीत. इतके वैचित्र्य एवढ्या टापूत क्वचितच आढळेल. घरी बसून निसर्गावर कविता रचण्यापेक्षा चार कोस पायपीट करून दोन खऱ्या ओळी लिहिणे केव्हाही श्रेयस्कर. म्हणून या लेखनाचे आम्ही स्वागतच करतो. तथापि त्याविषयी आमची एक तक्रार आहे, व ती स्पष्टपणे मांडणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

तक्रार अशी की, या वृत्तान्तांत लेखक फार दिसतो आणि रान फार थोडे दिसते. चढण किती खडी होती, पाणी कोठे संपले, जळवा किती डसल्या, पिठले-भात किती गोड लागला, याचे वर्णन पानेच्या पाने चालते. रानाच्या वाट्यास मात्र ठरलेली दोनच विशेषणे येतात: ते 'निर्मनुष्य' असते आणि 'अस्पर्श' असते. यांपैकी पहिला दोष रुचीचा आहे. तो एकवेळ क्षम्य मानता येईल. दुसरा दोष सत्याचा आहे, आणि त्याचा विचार अधिक कठोरपणे केला पाहिजे.

शिवसागर हे सरोवर निसर्गाने निर्माण केलेले नाही. महाबळेश्वरी उगम पावून कऱ्हाडास कृष्णेला मिळणारी कोयना हेळवाकनजीक अडविली गेली, आणि १९६० नंतरच्या दशकात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा हा जलाशय उभा राहिला. त्याच्या तळाशी गावे आहेत, शेते आहेत, देवळे आहेत. त्या गावांतील पुष्कळ कुटुंबांना दूरच्या जिल्ह्यांत जाऊन नव्याने संसार मांडावे लागले. पुढे १९८५ मध्ये कोयना व चांदोली ही अभयारण्ये जाहीर झाली, २००४ मध्ये चांदोलीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये हे रान जागतिक वारशाच्या यादीत गेले. या काळात अरण्याच्या आतील अनेक वस्त्याही उठल्या. तेव्हा आजचे हे रान निर्मनुष्य आहे असे म्हणण्यापेक्षा ते निर्मनुष्य करण्यात आले, असे म्हणणे अधिक खरे होय. त्यामुळे वनाचे रक्षण झाले, हेही तितकेच खरे. पण या रक्षणाचे मोल कोणी दिले, हे जो लेखक सांगत नाही, त्याने रानाचे अर्धेच वर्णन केले.

मायणीचा तलाव माणसाने बांधला, म्हणून तेथे पाणपक्षी उतरू लागले. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वराचे डोंगर उजाड होते, धों. म. मोहिते यांच्यासारख्यांच्या खटपटीने तेथे झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली, तेव्हा ते अभयारण्य झाले. लेणी तर छिन्नीनेच घडविलेली. नागेश्वराची गुहा नैसर्गिक खरी. पण तिच्यातही शिवलिंग आहे, आणि तेथे जाणारी वाट भाविकांच्या पायांनी पडलेली आहे. या टापूत माणूस आणि रान यांची अशी गुंतागुंत आहे. तीच येथील खरी नवलाई असताना 'अस्पर्श' हा उसना शब्द तिला झाकून टाकतो.

या दोन्ही जिल्ह्यांनी मराठीला एकेक असा लेखक दिला आहे की, ज्याच्यापासून आमच्या तरुणांनी धडा घ्यावा. काका कालेलकर १८८५ मध्ये साताऱ्यास जन्मले. नद्यांवरील त्यांचे लेखन 'लोकमाता' या नावाने प्रसिद्ध आहे. कृष्णेवर लिहिताना ते बालपणाच्या आठवणींतून तिच्याकडे येतात. नदी आणि तिच्या काठचा संसार त्यांस वेगळे काढताच येत नाहीत. भक्तीच्या भरात त्यांची नदी कधी कधी माताच होऊन बसते व प्रवाह म्हणून दिसेनाशी होते, हा दोष आम्ही नाकारीत नाही. पण नदी कोणाची, हे ते कधी विसरत नाहीत.

व्यंकटेश माडगूळकर १९२७ मध्ये आटपाडीजवळच्या माडगुळ्यास जन्मले. माणदेशाच्या उघड्या माळावरचा हा लेखक विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यात जाऊन राहिला. 'नागझिरा' हे पुस्तक व वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षाची 'सत्तांतर' ही कादंबरी, ही त्या अरण्यवाचनाची फळे. पैकी दुसरीस १९८३ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. पूर्वी शिकारी असलेल्या या माणसाचा डोळा चित्रकाराचा होता. त्यांची खरी शक्ती मात्र चालण्यात नसून बसण्यात आहे. पाणवठ्याशी ते गप्प बसतात, आणि मग रान आपण होऊन पुढे येते. आपण किती दमलो, हे सांगण्याची त्यांस गरज पडत नाही.

यावर कोणी म्हणेल की, वासोट्यास जाणाऱ्यास वनखाते सायंकाळी परत धाडते. त्याने माडगूळकरांसारखे बसावे कोठे? आक्षेप रास्त आहे. परंतु एकच वाट तीन ऋतूंत तीनदा चालावयास कोणाची मनाई नाही. नावेत बसल्यावर, या पाण्याखाली कोणते गाव आहे, हे नावाड्यास विचारावयास कोणाचा परवाना लागत नाही. आणि जी माणसे या रानातून उठून गेली, त्यांच्या नव्या वस्तीत एक दिवस घालविणे हाही प्रवासच आहे. त्यास पाठीवर पिशवी लागत नाही, एवढेच. कोयना-चांदोलीचे जे पुस्तक आम्हांस वाचावयास हवे आहे, त्याचा निम्मा भाग त्या वस्त्यांतील वृद्धांच्या तोंडी आहे, आणि तो फार दिवस तेथे राहणार नाही.

नव्या भटक्यांस आमची विनंती एवढीच की, पुढील वृत्तान्त लिहिण्यापूर्वी त्यांनी 'अस्पर्श' या शब्दावर एकदा काट मारून पाहावी. त्या जागी काय लिहावे, हे त्यांस त्या रानात पुन्हा गेल्यावाचून कळणार नाही.