मज आणि मला

लिंबागणेशच्या भालचंद्र गणपतीपुढे आरतीला उभे राहिले की एक गंमत ध्यानी येते. घरी ‘मला वाढ’ म्हणणारे पोर इथे ‘मज’, ‘तुज’ म्हणताना मुळीच अडखळत नाही. संतांची ही सर्वनामे रोजच्या बोलण्यातून गेली. आरतीने ती राखली. इंग्रजीतले जुने ‘दाऊ’, म्हणजे आपला ‘तू’, १६११ च्या बायबलाने असेच सांभाळले.

आजच्या कवितेत मात्र ‘मज’ दिसला की मी थबकतो. ‘मला’च्या मात्रा तीन, ‘मज’च्या दोन; वृत्तात एक मात्रा वाचते, ही कवीची सोय. मुक्तछंदात तेही निमित्त उरत नाही. जिव्हाळ्यासाठी म्हणावे, तर इंग्रजांनी आपले एकेरी सर्वनाम गमावले. आपला ‘तू’ देवाला आणि आईला अजून चालतोच आहे.

माझी कसोटी साधी आहे. ‘मज’ काढून ‘मला’ घालावे. नुसते वृत्त मोडले, तर ते ठिगळ होते; भाव मोडला, तर त्या शब्दाला हात लावू नये. आरतीत मी मनातल्या मनात हा बदल करून पाहिला. देवापुढचे मागणे वाण्याच्या दुकानातले वाटू लागले!