वर्गणीदार आणि खलनायक

कादंबरी छापायला पैसा नाही, ही आपल्या नवलेखकांची जुनी तक्रार. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' सुरू केले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातून क्रमशः दिली. वाचकाची वर्गणी आधी, पुस्तक नंतर. आपणही ओळखीच्या शंभर घरांतून आगाऊ वर्गणी घ्यावी. मात्र पावती द्यावी, पहिले प्रकरण वाचून दाखवावे आणि दिलेली तारीख पाळावी.

यात एक धोका आहे. ज्याने पैसे दिले त्याला दुखवायचे कसे? मग मोहल्ल्यातला खरा जालीम कागदावर येतच नाही; त्याच्या जागी आयता मौलवी उभा राहतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीने आपल्याला एकाच साच्यात ओतले, असे आपण म्हणतो. मग तोच साचा आपण का वापरावा? आपट्यांचा शंकरमामंजी घरातला माणूस आहे, म्हणूनच त्याची धास्ती वाटते. हमीद दलवाईंच्या 'इंधन' (१९६५) मध्ये तर आग कुणा एकट्याने लावलेली नाही. कोकणातल्या त्या गावात दोन्हीकडचे लोक थोडेथोडे जळण घालतात.

वर्गणीदाराला त्याच्याच घरातला जालीम ओळखता आला, तर ती वर्गणी हलाल झाली म्हणायची.