तळ्याकाठचं म्हातारपण आणि मोकळी जमीन

आजचा विषय वरवर वास्तुकलेचा आहे. आम्ही मात्र त्याकडे नीतिशास्त्राचा म्हणून बघतो. तळ्याकाठची वृद्धांची जुनी घरं पाडून नवी उभारायची, तीही 'पर्यावरणाचं भान ठेवून', अशी भाषा हल्ली फार ऐकू येते. हे भान म्हणजे नेमकं काय? एका प्रत्यक्ष इमारतीपाशी थांबून बघू.

ॲमस्टरडॅमच्या पश्चिमेला ओसडॉर्प ही वसाहत आहे आणि तिला लागून स्लोटरप्लास हे मोठं तळं. हे तळं माणसानं खोदलं. दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या वसाहतींची सखल, ओली जमीन उंच करायला वाळू हवी होती. ती काढली, तिथे तळं झालं. म्हणजे तळं आणि घरं एकाच खोदकामातून जन्मली. या वसाहतींचं वैभव म्हणजे इमारतींमधली भरपूर मोकळी, हिरवी जागा. पुढे घरांची गरज वाढली आणि ही जागा भरत चालली.

अशा वेळी एमव्हीआरडीव्ही या वास्तुसंस्थेनं पंचावन्नच्या पुढच्यांसाठी 'वोझोको' ही इमारत बांधली. ती १९९७ साली पूर्ण झाली. घरं हवी होती १००. पण शेजारच्या इमारतींचा उजेड अडवायचा नाही म्हटल्यावर बसली ८७. उरलेली १३ कुठे घालायची? बाजूला आणखी एक इमारत उभी केली असती तर मोकळी जागा गेली असती. म्हणून ती १३ घरं उत्तरेच्या भिंतीला अधांतरी लटकवली. खाली खांब नाही. आणि नुसत्या उत्तरेकडे तोंड करून कुणाला बसवायचं नाही, म्हणून या घरांची तोंडं पूर्व-पश्चिमेला.

आता यात आम्हांला काय आवडतं? फोटोत दिसणारी ती कसरत नव्हे, तिच्यामागचा क्रम. आधी शेजाऱ्याचा उजेड, मग राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं ऊन, मग जमीन. आणि या तिघांना सांभाळायचा खर्च इमारतीनं स्वतःच्या अंगावर घेतला. कांट म्हणतो, माणसाला केवळ साधन समजू नका. आल्डो लिओपोल्ड १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच विचार माती-पाण्यापर्यंत नेतो. वोझोकोत या दोन्ही गोष्टी एका हिशोबात बसल्या.

पण आमची एक तक्रार आहे. लोक त्या लटकत्या खोल्या बघायला जातात. खालच्या गवताकडे कोण बघतो? जे वाचवलं ते दिसत नाही आणि ज्यानं वाचवलं तेच मिरवतं. मग नक्कल होते ती मिरवण्याची.

आपल्याकडे हेच होतं. माहितीपत्रकात 'सत्तर टक्के जागा मोकळी' असं छापलेलं असतं. खाली बघावं तर दोन मजली तळघर, गाड्यांसाठी. वर फूटभर माती आणि हिरवळ. पाऊस पडतो तो जमिनीत मुरणार कुठे? शिवाय आपली तळी वेगळी. डच सखल भागात पाण्याची पातळी पंपांनी राखतात. आपल्या पुण्याचा पाषाण तलाव रामनदीच्या पाण्यावर जगतो. नदीत सांडपाणी सोडलं की तलावावर जलपर्णी पसरते. तलाव त्याच्या काठाशी संपत नाही. ओढे, उतार, मुरणारी माती हे सगळं तलावच. काठावर चार झाडं लावून ओढा पाइपात घातला, तर त्याला भान म्हणणार का?

आणि आणखी एक गोष्ट, जी नकाशात येतच नाही. ती म्हणजे काळ. आमची स्वतःची सोसायटी सध्या पुनर्विकासाला निघाली आहे. बिल्डर म्हणतो, 'सर, तीनच वर्षं.' तिशीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे थोडी गैरसोय. आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्याला ते उरलेल्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा आहे! खालच्या मजल्यावरच्या आजी रोज सकाळी ज्या बाकावर बसतात, तो बाक नव्या आराखड्यात आहे. त्या असतील का? भाडं मिळेल, घर मिळेल, पण शेजार मिळेलच असं नाही. झाडाला जसं मुळासकट हलवता येत नाही, तसंच काहीसं म्हाताऱ्या माणसाचं असतं.

याचा अर्थ जुनं पडेपर्यंत राखावं असा नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, गच्ची गळते, बांधायला हवंच. पण संमतीपत्र आमच्या टेबलावर आठवडाभर पडून आहे. सही करण्याआधी आम्ही तीन प्रश्न लिहून दिलेत. पाडकाम टप्प्याटप्प्यानं करून वृद्धांना त्याच आवारात ठेवता येईल का? तळघर नसलेली, खऱ्या मातीची जमीन किती उरेल? आणि मागचा ओढा उघडा राहील का?

पहिल्या प्रश्नाला 'बघू' असं उत्तर आलं. बाकी दोन्हींना अजून काहीच नाही. उत्तरं येईपर्यंत पेन बंद ठेवायचं आम्ही ठरवलंय. तुमच्याकडे असा कागद आला, तर तुम्हीही आधी पायाखालच्या जमिनीबद्दल विचारा.