सात वारांचा किल्ला

जुन्या वास्तूत मुक्काम करण्याची हौस आता केवळ धनिकांची राहिलेली नाही. मास्तर, कारकून, नवे जोडपे यांच्या खिशाला झेपतील अशी लहान निवासस्थाने जुन्या घरांतून आणि वाड्यांतून निघाली आहेत. त्यांना ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. फ्रेंच भाषेत बुटीक म्हणजे दुकान. नाव अगदीच अस्थानी नाही. येथे इतिहास हाही मांडून ठेवलेला माल असतो. तो अस्सल की नकली, याची पारख टीकाकाराने का करू नये?

ऐतिहासिक कादंबरीच्या दोन जाती असतात. एकीत पात्रांच्या डोक्यावर पगडी चढवली की लेखकाचे काम संपते. दुसरीत ती माणसे आपल्या काळाची भीती आणि आशा घेऊन बोलतात. या हॉटेलांचेही तसेच आहे. भिंतीवर तलवार अन् कोपऱ्यात घंगाळ, एवढ्यावर वास्तू बोलत नाही.

पणजीच्या फोंताइन्हास भागात एकोणिसाव्या शतकातील एक घर पाहुण्यांसाठी खुले झाले. गल्ली तीच, शेजार तोच. म्हणून तेथे उतरणारा नाटकाच्या नेपथ्यात झोपत नाही, मोहल्ल्यात झोपतो. जवळच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीतही हॉटेल निघाले. मास्तराला तेथे उशिरापर्यंत झोप लागणे कठीणच!

अधिक कठीण परीक्षा तेरेखोलची. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. केरीहून नदी ओलांडून तेथे जावे लागते. आत चौकात सेंट अँथनीचे चर्च, बाहेर समुद्र. या किल्ल्यात काही वर्षे हॉटेल चालले. खोल्या मोजून सात, आणि त्यांना नावे सात वारांची. कल्पना मोठी गोड! पण वाराला साल नसते. या किल्ल्याला मात्र साल आहे.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. तो रविवार होता. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, पनवेलच्या हिरवे गुरुजींनी तेरेखोलच्या सत्याग्रहात प्राण वेचले. तो सोमवार होता. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. आता सांगा, ‘रविवार’ आणि ‘सोमवार’ ही नावे केवळ गोड राहतात काय? त्या खोल्यांत उतरणाऱ्याला हे कळले, तर त्याची झोप काही उडणार नाही. पण सकाळी खिडकीतून दिसणारी नदी त्याला निराळी दिसेल. न कळले, तर मग समुद्रकाठची कोणतीही खोली त्याला चालली असती.

आमच्या म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेच्या थंडीत माणसे माळावर घोंगडी पांघरून पडतात. ना खोली, ना खाट. पण आपण येथे कोणासाठी आलो, हे त्यांतल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. जागेशी नाते जडायला छप्पर लागत नाही, ओळख लागते.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत अशा ठिकाणी जरूर उतरा. गादी मऊ आहे की नाही ते पाहाच. पण एक प्रश्न यजमानाला अवश्य विचारा: येथे पूर्वी कोण राहत होते? तो उत्तर देऊ लागला आणि चहा निवून गेला, तर समजा, भाडे वसूल झाले.