मानसिक आरोग्यविषयक संकेतस्थळांचे गुणमापन : निकषांचाच निकष

मानसिक आरोग्याची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांची गुणवत्ता कशी ठरवावी, या प्रश्नाच्या अभ्यासाला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. या अभ्यासाची एक रूढ वाटही पडून गेली आहे. शोधयंत्रात रोगाचे नाव घालावयाचे, प्रथम दिसणारी काही संकेतस्थळे निवडावयाची, एखादी तयार मापनश्रेणी त्यांना लावावयाची, मध्यमान व प्रमाणविचलन काढावयाचे आणि ‘गुणवत्ता मध्यम प्रतीची आहे’ असे म्हणून मोकळे व्हावयाचे. या खटाटोपात संकेतस्थळाची परीक्षा होते, मापनश्रेणीची मात्र होत नाही. प्रस्तुत टिपणात विचार करावयाचा आहे तो या दुसऱ्या परीक्षेचा.

आरंभीचे निकष लेखनाच्या बाह्यांगाचे होते. १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात सिल्बर्ग, लुंडबर्ग आणि मुसाचिओ यांनी चार गोष्टी मागितल्या : लेखक कोण, आधार कोणता, मालक व पुरस्कर्ता कोण आणि मजकूर कोणत्या तारखेचा. जिनीव्हा येथील ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने याच धर्तीवर आठ तत्त्वांची संहिता केली व ती पाळणाऱ्यांना आपले चिन्ह दिले. ते प्रमाणन २०२२ च्या अखेरीस बंद झाले. या निकषांमागील गृहीत असे की, जो आपले नाव, आधार आणि तारीख सांगतो तो खरे सांगत असण्याचा संभव अधिक. गृहीत वाजवी दिसते. पण ते तपासून पाहिले गेले तेव्हा टिकले नाही.

ऑस्ट्रेलियातील कॅथलीन ग्रिफिथ्स व हेलन क्रिस्टेन्सन यांनी अवसादाच्या उपचारांविषयी माहिती देणाऱ्या २१ संकेतस्थळांचे सर्वेक्षण २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. मजकुराची तुलना त्यांनी उपचारांच्या अमेरिकन मार्गदर्शक सूत्रांशी केली आणि शेजारी वरील चार निकषांचे गुणही मांडले. दोहोंत मेळ आढळला नाही. नाव, आधार व तारीख सांगणे हे मजकूर बरोबर असल्याचे गमक ठरले नाही. त्यामानाने संस्थेची मालकी व संपादक मंडळाचे अस्तित्व ही लक्षणे अधिक उपयोगी दिसली. शिवाय २००२ साली आयझेनबाख व कोलर यांनी वाचकांच्या प्रत्यक्ष शोधाचे निरीक्षण केले, तेव्हा ‘आमच्याविषयी’ हे पान त्यांच्यापैकी एकानेही उघडले नाही. म्हणजे हे निकष संशोधकाच्या हाती सोयीचे असले, तरी वाचकाच्या डोळ्यांपुढे ते नसतातच.

मग मजकूर थेट मार्गदर्शक सूत्रांशीच ताडून पाहावा, असे कोणी म्हणेल. मार्ग योग्य आहे. परंतु त्यालाही कालाची मर्यादा आहे. अवसादावरील औषधे बंद केल्यावर होणारा त्रास सौम्य व अल्पकाळ टिकणारा असतो, असे प्रतिष्ठित संस्थाही वर्षानुवर्षे सांगत होत्या. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स या संस्थेने २०१९ साली आपली भूमिका बदलली आणि काही रुग्णांत हा त्रास तीव्र व दीर्घकाळ टिकणारा असू शकतो हे मान्य केले. २०१८ साली एखाद्या अभ्यासकाने संकेतस्थळे तपासली असती, तर रुग्णांच्या अनुभवाला धरून लिहिणाऱ्यास त्याने कमी गुण दिले असते आणि तो अनुभव नाकारणाऱ्यास पूर्ण. मेंदूतील ‘रासायनिक असंतुलना’चे सुटसुटीत स्पष्टीकरणही असेच पुष्कळ ठिकाणी सिद्ध सत्य म्हणून छापले गेले; सिरोटोनिनच्या कमतरतेमुळे अवसाद होतो याला सुसंगत पुरावा नाही, असे मॉन्क्रिफ व सहकाऱ्यांनी २०२२ च्या आपल्या समालोचनात मांडले. तेव्हा कोणत्या वर्षीच्या सूत्रांशी तुलना केली, हे न सांगता दिलेला गुणांक निरर्थक होय. आपल्या प्रबंधिकांत ही नोंद क्वचितच असते.

‘डिसर्न’ या साधनाचा विचार येथे येतो. डेबोरा चार्नॉक व सहकाऱ्यांनी ते १९९९ साली प्रसिद्ध केले. त्यात १६ प्रश्न आहेत व प्रत्येकाला एक ते पाच गुण. पहिले आठ प्रश्न लेखनाच्या विश्वसनीयतेविषयी, पुढील सात उपचारांच्या माहितीविषयी आणि शेवटचा एकंदर मताविषयी. या साधनाचा खरा गुण त्याच्या मधल्या प्रश्नांत आहे. उपचाराचा लाभ सांगितला आहे काय, धोके सांगितले आहेत काय, उपचार न घेतल्यास काय होईल, पर्याय एकाहून अधिक आहेत हे स्पष्ट केले आहे काय, कोठे अनिश्चितता आहे याची कबुली दिली आहे काय, हे प्रश्न खरोखरच मर्माला हात घालतात. ग्रिफिथ्स व क्रिस्टेन्सन यांच्या २००५ च्या अभ्यासात अवसादविषयक संकेतस्थळांचे ‘डिसर्न’ गुण मजकुराच्या पुराव्यानिष्ठतेशी चांगले जुळले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. (गंमत अशी की, गूगलने पानांना दिलेल्या क्रमगुणांचाही त्याच अभ्यासात काही प्रमाणात मेळ बसला.)

तरी दोन आक्षेप उरतात. मजकूर शास्त्रीयदृष्ट्या खरा आहे की नाही हे या साधनाने ठरत नाही, असे त्याचे कर्ते स्वतःच सांगतात. इंग्रजी संकेतस्थळांत जो लेखक धोके व पर्याय मांडतो तो बहुधा शास्त्रही जाणतो, म्हणून वरील मेळ दिसला असावा. तो मेळ दुसऱ्या भाषेत, विशेषतः भाषांतरित मजकुरात, आपोआप येईल असे मानण्यास आधार नाही. दुसरा आक्षेप परीक्षकांसंबंधी आहे. मूळ अभ्यासात एकंदर गुणवत्तेविषयी तज्ज्ञांमधील एकमताचा कप्पा गुणांक ०.५३ होता, माहिती पुरविणाऱ्यांमधील ०.४० आणि स्वमदत गटांच्या सदस्यांमधील केवळ ०.२३. ज्यांच्यासाठी माहिती लिहावयाची त्यांच्यातच मतभेद सर्वांत अधिक, ही गोष्ट तळटीपेत ढकलण्याजोगी नव्हे. आपल्याकडे तर पुष्कळदा दोन सहाध्यायी परीक्षक असतात आणि त्यांचे एकमत हीच विश्वसनीयता मानली जाते.

गुणांची बेरीज हाही एक सवयीचा दोष आहे. तारीख न देणे आणि आत्मघाताच्या विचारांविषयी काही न सांगणे, या दोन उणिवा बेरजेत समान होऊ शकतात. किंबहुना दुसऱ्या उणिवेसाठी ‘डिसर्न’मध्ये स्वतंत्र प्रश्नच नाही. ज्या पानावर रात्री दोन वाजता एखादा हताश मनुष्य येऊन पोहोचतो, त्यावर १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे की नाही (ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे), हे सरासरीत विरघळू देता कामा नये. ती अट असावी, गुण नव्हे.

मराठी मजकुराकडे वळले की आणखी अडचणी दिसतात. वाचनसुलभतेची फ्लेश यांची १९४८ ची सूत्रे इंग्रजी शब्दांतील अक्षरगणनेवर उभी आहेत. सामासिक व विभक्तियुक्त मराठी शब्दांना ती लावून काढलेले आकडे म्हणजे निव्वळ अंकगणित. त्याहून गंभीर प्रश्न संज्ञांचा आहे. एकाच रोगाला नैराश्य, औदासीन्य, विषाद, अवसाद अशी नावे दिली जातात. पैकी ‘नैराश्य’ परीक्षेतील अपयशानंतरच्या खिन्नतेलाही लागते, तर ‘औदासीन्य’ विरक्तीच्या जवळ जाते. वाचकाने पहिला अर्थ घेतला तर उपचाराची गरजच त्याला पटत नाही. दुसरा घेतला तर आपली ती अवस्था आहे हे ओळखू येत नाही. ‘छिन्नमनस्कता’ ही ब्लॉयलर यांच्या १९०८ च्या ग्रीक संज्ञेची शब्दशः प्रतिकृती. तीत ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा गैरसमज जन्मतःच दडलेला आहे. जपानमध्ये अशाच अर्थाची संज्ञा २००२ साली अधिकृतपणे बदलण्यात आली. मराठी संकेतस्थळाचे परीक्षण करणाऱ्याने संज्ञेचा खुलासा केला आहे की नाही हे पाहिले नाही, तर तो मजकूर वाचतच नाही असे म्हणावे लागेल.

अद्ययावततेचा निकषही आपल्या संदर्भात वेगळाच आशय धारण करतो. आत्महत्येचा प्रयत्न हा दंडनीय अपराध आहे, असे सांगणारे पान पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ चा अचूक हवाला देऊ शकत असे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असे गृहीत धरावयास सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ चे कलम उरले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद तेवढी तीत आहे. तेव्हा जुने पान ज्या कुटुंबाने वाचले, ते पोलिसांच्या भीतीने विष घेतलेल्या मुलीला रुग्णालयात नेण्यास कचरले, तर त्या पानाच्या लेखकाचे नाव, आधार व तारीख यांना मिळालेले पूर्ण गुण कोणत्या कामाचे? परीक्षकाने मराठी पानांवर प्रथम कायद्याची विधाने शोधून वेगळी काढावीत आणि ती आजच्या पाठाशी ताडावीत. हे काम मापनश्रेणी लावण्यापूर्वीचे आहे, आणि दोन संध्याकाळींत होण्याजोगे आहे.