किल्पेक चर्चमधील शिल्पे

किल्पेक चर्चमधील शिल्पे : इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यातील किल्पेक या खेड्याच्या चर्चवरील रोमनेस्क पाषाणशिल्पे (सु. ११४०). हे चर्च सेंट मेरी व सेंट डेव्हिड यांच्या नावे असून ते हेरफर्डच्या नैर्ऋत्येस, वेल्सच्या सीमेनजीक आहे. नॉर्मन सरदार ह्यू याने ११३४ मध्ये ते ग्लॉस्टर येथील सेंट पीटर मठास दान दिले. त्याच्या घराण्याच्या किल्ल्याची मातीची टेकडी आजही चर्चच्या पश्चिमेस दिसते. मुख्य दालन, वेदीकक्ष व पूर्वेकडील अर्धवर्तुळाकार गर्भगृह अशी वास्तूची सरळ त्रिदल रचना आहे. बाराव्या शतकातील खेडेगावातील चर्चचा मूळ आराखडा व त्यावरील शिल्पकाम एवढ्या पूर्णतेने टिकल्याची उदाहरणे इंग्लंडमध्ये विरळा आहेत.

दक्षिण द्वार हा शिल्पयोजनेचा केंद्रबिंदू होय. दारावरील अर्धवर्तुळाकार शिलापट्टावर द्राक्षवेलीसारखा वृक्ष कोरला असून तो सामान्यतः जीवनवृक्ष मानला जातो. भोवतालच्या आतील कमानीच्या प्रत्येक पाचरी दगडावर चोच असलेली मुंडकी, पक्षी किंवा हिंस्र प्राणी केंद्राकडे रोखलेले आहेत. बाहेरील कमानीत साखळीप्रमाणे जोडलेली वर्तुळपदके आहेत. डाव्या स्तंभावर वेलींत गुरफटलेले, विजारी घातलेले दोन सडपातळ योद्धे दिसतात. उजव्या स्तंभशीर्षावरील मुखवट्याच्या तोंडातून पानांचे फाटे फुटतात. दोन्ही बाजूंच्या बाह्य चौकटींवर लांबलचक सर्प एकमेकांच्या शेपट्या गिळत असल्याप्रमाणे गुंफलेले आहेत. नक्षीची एवढी दाटी असूनही द्वाराची वास्तुरेषा कोठेही हरवत नाही. सर्पांचे उभे वळसे चौकटीची उंची, तर पाचरी दगडांवरील मुंडकी कमानीची गोलाई ठसवितात. अलंकरण आणि बांधणी यांचे हे एकत्व किल्पेकच्या शिल्पकारांचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल.

छपराच्या वळचणीखाली सर्व बाजूंनी आधारदगडांची रांग आहे. मूळच्या ९१ दगडांपैकी सु. ८५ शिल्लक आहेत. कुत्रा व ससा, वाद्य वाजविणारा, झोंबणारी जोडी, क्रूस धारण केलेला कोकरू, मेंढा, पक्षी, निव्वळ मुखवटे असे विषय त्यांवर आढळतात. आपली योनी दोन्ही हातांनी उघडी करून दाखविणारी स्त्रीमूर्ती, म्हणजे शीला-ना-गिग, ही यांतील सर्वाधिक चर्चिली गेलेली होय. पश्चिमेच्या भिंतीतून जबडे वासलेली व्यालमुखे पुढे झेपावतात. त्यांतील गुंफणनक्षीत स्कँडिनेव्हियन परंपरेचा वारसा स्पष्ट दिसतो.

या शिल्पांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. जॉर्ज रॉबर्ट लुईस याने १८४२ मध्ये चर्चची रेखाचित्रे प्रसिद्ध केली आणि प्रत्येक आकृतीला ख्रिस्ती प्रतीकार्थ दिला. शीला-ना-गिगमध्येही त्याला, ज्याचे हृदय सर्वांना सारखेच खुले आहे असा एक मूर्ख दिसला. उलट विसाव्या शतकात याच आकृतींत ख्रिस्तपूर्व धर्माचे अवशेष शोधण्याची प्रवृत्ती बळावली. तथापि पर्णमुख मुखवट्यास लावले जाणारे ‘ग्रीन मॅन’ हे नाव प्राचीन नाही. ते लेडी रॅग्लन यांच्या १९३९ मधील लेखामुळे रूढ झाले. दोन्ही पक्षांची चूक एकच आहे : प्रत्येक दगड स्वतंत्रपणे वाचून त्याला एकच अर्थ चिकटविणे. क्लेर्व्होचा बर्नार्ड याने सु. ११२५ मध्ये मठांतील विचित्र प्राणिशिल्पांवर टीका केली, ती भिक्षूंचे लक्ष ग्रंथांवरून दगडांकडे वळते म्हणून. अशा आकृतींचे आकर्षण समकालीनांनाही जाणवत होते आणि त्यांचा निश्चित अर्थ त्यांनाही सहज सांगता येत नव्हता, असे त्या टीकेवरून दिसते.

आकृतींचे स्थान लक्षात घेतल्यास अधिक सुसंगत चित्र उभे राहते. जीवनवृक्ष प्रवेशद्वारावर आहे; श्वापदे, मुखवटे व शीला-ना-गिग बाहेर, वळचणीखाली आहेत; वेदीकक्षाच्या कमानीवर मात्र संतांच्या सहा मूर्ती असून त्यांतील किल्ल्या धारण करणारी सेंट पीटरची होय. बाहेरच्या अनियंत्रित जगाकडून आतल्या पवित्र स्थानाकडे नेणारा हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. अर्थात गर्भगृहाच्या छतातील फासळ्या जेथे मिळतात, तेथेही श्वापदमुखे आहेत. म्हणजे सीमारेषा पूर्णपणे पाळलेली नाही, हेही मान्य करावे लागते.

किल्पेकचे शिल्पकार ‘हेरफर्डशर संप्रदाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यशाळेतील होते. या संप्रदायाचा पद्धतशीर अभ्यास जॉर्ज झार्नेत्स्की यांनी केला. शॉबडन येथील चर्च बांधविणारा ऑलिव्हर द मेर्लिमाँ स्पेनमधील सांतिआगो दे कोंपोस्तेला येथे यात्रेस गेला होता. किल्पेकच्या स्तंभांवरील एकावर एक उभ्या संतमूर्ती तेथील दक्षिणद्वाराच्या स्तंभांची आठवण करून देतात, तर पाचरी दगडांवरील मांडणी पश्चिम फ्रान्सशी जुळते. या साम्यांमागे ऑलिव्हरची यात्रा कितपत कारणीभूत झाली, याविषयी माल्कम थर्ल्बी यांनी १९९९ मधील ग्रंथात शंका घेतली असून स्थानिक परंपरेवर अधिक भर दिला आहे. गुणदृष्ट्या पाहता संतमूर्ती द्वारशिल्पांच्या तुलनेने ताठर वाटतात. या कारागिरांची प्रतिभा मानवी देहापेक्षा वेली, सर्प व मुखवटे यांच्या गतिमान रेषांत अधिक खुलते. ईअर्डिस्ली व कासल फ्रोम येथील बाप्तिस्मापात्रांवर याच संप्रदायाचे प्रगल्भ काम पाहावयास मिळते.

शॉबडनचे चर्च १७५० च्या दशकात पाडण्यात आले आणि त्याच्या कमानी शोभेसाठी टेकडीवर उघड्यावर उभारण्यात आल्या. पावसावाऱ्याने त्यांवरील शिल्पे आता जवळजवळ ओळखू न येण्याइतकी झिजली आहेत. लुईसने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रेखाचित्रांवरूनच त्यांचे मूळ रूप बऱ्याच अंशी कळते. किल्पेकचे शिल्पकाम तांबूस वालुकाश्मातील असूनही आपल्या वास्तूवर, मूळ जागी टिकले. एका कार्यशाळेच्या या दोन कृतींच्या भिन्न दैवामुळे किल्पेकचे मूल्य वाढले आहे : संप्रदायाचे शिल्प आणि त्याचे वास्तूतील स्थान यांचा एकत्र विचार करावयाचा, तर त्यासाठी किल्पेक हाच सर्वांत विश्वसनीय पुरावा होय.