रिव्हर्स आणि दडपलेली आठवण

अबोध मन हा शब्द मराठी कथेत आता चांगलाच रुळला आहे. इतका की, तो वापरताना थोडा विचार करावा लागतो हेच पुष्कळ लेखक विसरून जातात. नायिकेला अकारण मूर्च्छा येते, शेवटाजवळ बालपणीचा एखादा भीषण प्रसंग उघडकीस येतो, ती ओक्साबोक्शी रडते आणि बरी होते. कुलूप होते, किल्ली सापडली! १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ निघाला तेव्हा मानसिक आघाताच्या उपचाराची कल्पना काहीशी अशी होती, हे खरे. परंतु खुद्द फ्रॉइड तेथे थांबला नाही. आपल्या कथेने मात्र तेथेच मुक्काम ठोकला आहे.

या मुक्कामावरून हलू इच्छिणाऱ्याने डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्सचा युद्धानुभवाच्या दमनावरील निबंध वाचावा. डिसेंबर १९१७ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचला गेला आणि पुढील फेब्रुवारीत 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. हा रिव्हर्स आपल्याला अगदीच परका नव्हे. बदलीच्या निमित्ताने नीलगिरीत राहून आलेल्या वाचकांनी तोडांच्या वस्त्या पाहिल्या असतील. त्या तोडांवरचा १९०६ चा ग्रंथ याचाच. पहिल्या महायुद्धात तो एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात मन खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत होता.

निबंधातील हे रुग्ण काहीच विसरलेले नाहीत, हीच त्यातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट. आप्तांनी आणि डॉक्टरांनी त्यांना सल्ला दिलेला असतो : युद्धाचा विचार मनातून काढून टाका. दिवसा ते इमानेइतबारे तसे करतात. नकोसे प्रकरण दप्तरदाखल करावे, त्यातलाच हा प्रकार. पण हे प्रकरण रात्री आपल्या पायांनी टेबलावर परत येते.

एका अधिकाऱ्याचा मित्र तोफगोळ्याने मारला गेला. शोधायला गेलेल्या या अधिकाऱ्याला धडापासून तुटून पडलेले शिर आणि हातपाय दिसले. पुढे स्वप्नात तो मित्र येई. कधी छिन्नभिन्न, कधी महारोगाने झडलेल्या अवयवांचा. तो जवळ जवळ येत जाई आणि हा घामाघूम होऊन जागा होई. रिव्हर्सने त्याला इतकेच दाखवून दिले की, देहाची ती अवस्था हाच मृत्यू तत्क्षणी आल्याचा पुरावा होय. मित्राला तळमळावे लागले नाही. काही रात्री स्वप्नच पडले नाही. मग पडले, तेव्हा मृतदेह तोच होता. परंतु रुग्ण त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि घरच्यांना पाठवायच्या मौल्यवान वस्तू गोळा करू लागला. जागा झाला तो दुःखाने, भयाने नव्हे.

भयाच्या जागी शोक यावा, एवढेच येथे घडले आहे. आठवण पुसली गेली नाही, की खोलातून काही उपसूनही काढावे लागले नाही. कथालेखकाला याहून सूक्ष्म विषय कोणता हवा? आणि रिव्हर्सचा प्रामाणिकपणा असा की, जेथे ही युक्ती चालली नाही तेही तो सांगतो. स्फोटाने उडालेला दुसरा एक अधिकारी कुजून फुगलेल्या प्रेतावर तोंडघशी पडला होता. त्या आठवणीला सुसह्य अशी बाजूच सापडेना. शेवटी सैन्य सोडून, पूर्वी जेथे आराम वाटला होता त्या ग्रामीण एकांतात त्याने जावे, असे ठरले.

अशाच स्वप्नांनी फ्रॉइडलाही अडवले. स्वप्न म्हणजे इच्छापूर्ती, तर त्याच भीषण क्षणाकडे मन का परतते? १९२० च्या 'सुखतत्त्वापलीकडे' या पुस्तकात त्याने उत्तर दिले की, अवचित कोसळलेल्या आघातावर मन मागाहून ताबा मिळवू पाहते. उत्तर मोठे आहे. पण तेथून तो मृत्युप्रेरणेच्या सिद्धांताकडे वळतो आणि रुग्ण मागे राहतो. माझ्या मते रिव्हर्सचे लहानसे लेखन या बाबतीत सरस ठरते.

त्यात उणीव नाही असे नव्हे. त्याचे क्रेगलॉकहार्टचे रुग्ण अधिकारी होते. साध्या शिपायांपैकी कित्येकांच्या वाट्याला विजेचे झटके आले. शिवाय लष्करी डॉक्टराच्या दृष्टीने बरा झालेला रुग्ण म्हणजे आघाडीवर परत धाडण्याजोगा रुग्ण. युद्धाविरुद्ध निवेदन काढलेला कवी सिगफ्रीड ससून १९१७ च्या जुलैत याच रिव्हर्सकडे आला, नोव्हेंबरमध्ये कामास योग्य ठरून परत गेला, आणि १९१८ च्या जुलैत डोक्याला गोळी लागून लंडनच्या रुग्णालयात दाखल झाला. तेथे रिव्हर्स त्याला भेटायला गेला होता.